जुनी पेटी मोडीत घालण्याआधी



तुमच्या माळ्यावर, कणगीच्या मागे किंवा गावच्या देवळातल्या कोनाड्यात एखादी जुनी बाजाची पेटी पोत्यात गुंडाळून ठेवलेली आहे काय? असेल तर हा लेख वाचून होईपर्यंत ती कुणाला देऊ नका. मग द्यायची तर खुशाल द्या.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे खेड्यापाड्यांतून मोटारसायकलवर फिरणारे खरेदीदार वाढले आहेत. समई, घंगाळ, तांब्याचा बंब, जुन्या वाड्याचा कोरीव खांब, जे मिळेल ते घेतात. त्यात पेटीही असते. "मावशी, ही तर उंदरांनी खाल्लीय, वाजत नाही, लाकडाचे काय ते घ्या," असे म्हणून हातावर दोन-तीन हजार टेकवतात. घरच्यांना वाटते, अडगळ गेली. ती पेटी तशीच कुठे वाजत नाही. पहिल्याच मुक्कामी तिचे पोट उघडून आतले सूर काढून घेतले जातात आणि खोके बाहेर फेकतात.

तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाला पेटीतले काय कळते? कोल्हापूरला शेतकी कॉलेजात शिकत असताना माझ्या खोलीच्या खालीच पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री बसत. संध्याकाळी जेवणाला वेळ असला की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसे. पुढे त्यांनी मला सरस उकळायला लावले, मग चामडे कापायला. बी. एस्सी.ची पदवी मिळाली तोवर पेटी उघडून पुन्हा बंद करण्याइतके शिकलो होतो. सूर मिळवण्याचे काम त्यांनी मला कधी करू दिले नाही, आणि ते योग्यच केले.

पेटीचे यंत्र तुम्हाला नवे नाही. मागचा भाता हा लोहाराच्या भात्याचाच भाऊ. त्याला आतून चामड्याची झडप असते. भाता उघडला की ती उघडून हवा आत घेते, दाबला की मिटते आणि हवा परत जाऊ देत नाही. विहिरीतल्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हचे काम तेच. ही हवा पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात साठते. त्याला स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून हात क्षणभर थांबला तरी सूर थांबत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपात हवेची कोठी असते, ती याच कामाची. पट्टी दाबली की मागच्या बाजूला एक झाकण उचलले जाते, आणि हवा पितळेच्या बारीक जिभेला हलवत बाहेर पडते. ती थरथर म्हणजे सूर. लांब जीभ खर्जात बोलते, आखूड जीभ वरच्या सप्तकात.

म्हणून लक्षात ठेवा, पेटीचे बहुतेक दुखणे चामड्याचे, कापडाचे आणि स्प्रिंगचे असते. पितळ क्वचितच आजारी पडते. फवारणी पंप दाब धरत नाही म्हणून आपण पंप फेकून देत नाही, पंचवीस-तीस रुपयांचा वायसर बदलतो. पेटीचा मात्र भाता सुटला की आपण तिला मेली म्हणतो!

आता परीक्षा कशी करायची ते पाहू. सगळ्या खुंट्या आत दाबून बंद करा, म्हणजे हवेची वाट बंद झाली. मग भाता चालवा. पोट भरल्यावर हात जड लागला पाहिजे. भाता सैल चालत राहिला तर हवा कुठून तरी निसटते आहे. कान जवळ नेला तर फुसफूस ऐकू येते. बहुधा भात्याच्या घडीचे कोपरे फाटलेले असतात, कारण हालचाल सगळी तिथेच होते. नंतर एक खुंटी ओढून, पट्टीला हात न लावता भाता द्या. एखादा सूर आपोआप ओरडू लागला तर पट्टी अडकली आहे किंवा तिच्या झाकणाखालचे मऊ कापड कसरीने खाल्ले आहे. पावसाळ्यात हे जास्त होते, कारण लाकूड फुगते. अशा वेळी पट्टी तासायला बसू नका. दिवाळीपर्यंत थांबा, हवा कोरडी झाली की निम्म्या पट्ट्या आपोआप सुटतात.

मग वरची फळी उघडा. बहुतेक पेट्यांना आकडे किंवा स्क्रू असतात. फळी उलटी केली की खालच्या अंगाला पितळी सूर ओळीने बसवलेले दिसतील. हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा माणूस गप्प होतो, असा माझा अनुभव आहे. साडेतीन सप्तकांची की तीन सप्तकांची, एका ओळीची की दोन ओळींची, हे इथे कळते. एकोणचाळीस पट्ट्यांची दुहेरी पेटी असेल तर ७८ सूर मोजून भरले पाहिजेत. त्यांतल्या ओळींना आपल्याकडे खर्ज, नर आणि मादी अशी नावे आहेत. तिन्ही असल्या तर पेटी भारी समजावी.

एखादा सूर मुका असेल तर नव्वद टक्के वेळा जिभेखाली कचरा असतो असे मिस्त्री म्हणत. टक्केवारी त्यांची, मी मोजलेली नाही. पण गव्हाचे कुसळ, केस, कोळ्याचे जाळे, कधी उंदराची लेंडी, एवढेच निघालेले मी अनेकदा पाहिले आहे. कोरड्या मऊ कुंचल्याने झाडा. तरी बोलला नाही तर पातळ कागदाची पट्टी जिभेच्या आणि चौकटीच्या फटीतून अलगद फिरवा. सुई, खिळा, ब्लेड यांतले काही घालू नका. तेल तर मुळीच नको. शिलाई मशीनला तेल देतो म्हणून पेटीलाही देणारे लोक आहेत. तेलावर धूळ बसते, धुळीचा गाळ होतो आणि चांगला सूर घोगरा होऊन बसतो. रॉकेलने पितळ चकचकीत करण्याचा मोहही आवरा. काळपट पडलेला सूर वाजायला काही कमी नसतो.

भात्याचे कोपरे घरी शिवता-चिकटवता येतात, हात बरा असेल तर. चामडे पातळ आणि मऊ पाहिजे, बकरीचे किंवा मेंढीचे. चिकटवायला सरस घ्या. दुकानातला पांढरा डिंक लवकर आणि घट्ट धरतो हे खरे, पण दहा वर्षांनी दुसऱ्या कारागिराला तोच भाग उघडावा लागला तर सरस ऊब दिली की सुटतो. पांढरा डिंक लाकडाची साल घेऊन येतो. पुढच्या माणसाची सोय पाहून केलेले काम वेगळेच दिसते.

एवढे घरी करा. सूर मात्र मिळवायला बसू नका. जिभेच्या टोकाला कानस लावली की सूर चढतो, बुडाशी लावली की उतरतो. इतके सोपे आहे, म्हणूनच धोक्याचे आहे. पितळ एकदा गेले की गेले. खताचा एक हप्ता चुकला तर पुढच्या हप्त्यात थोडेफार सावरता येते, इथे तसे नाही. एका गावात भजनी मंडळाच्या हौशी तरुणाने मोबाईलवर सूर दाखवणारे ॲप घेऊन सगळी पेटी घासून काढली होती. तिचे खर्जाचे सूर इतके पातळ झाले होते की जोराचा भाता दिला की रडत.

आता किमतीचे. बैलाचा सौदा करताना आपण झूल पाहत नाही, दात पाहतो. पेटीचे दात म्हणजे तिचे सूर. हे वाद्य मूळचे युरोपचे. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास अलेक्सांद्र दबेन यांनी त्याला हार्मोनियम हे नाव दिले. तिकडची पेटी मोठी, पायाने भाता मारायची. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत तिची मांडी घालून वाजवण्याजोगी, हाताच्या भात्याची पेटी केली. खोके इथले झाले, तरी सूर बराच काळ परदेशातून येत, पॅरिसहून आणि जर्मनीहून. पुढे ती आवक आटली. मग गुजरातेत भावनगरजवळच्या पालिताण्याच्या कारागिरांनी हाताने सूर घडवण्यात नाव काढले, आणि ते सूरही चांगले असतात. पण जुने पॅरिसचे सूर आता नव्याने होत नाहीत, आणि कारागीर व वादक ते शोधत फिरतात. खेडोपाडी फिरणारा खरेदीदार त्यांच्याच वासावर असतो. पुढच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत काय लिहिले आहे यावर भुलू नका. नावाची पट्टी खरी आणि आतले सूर केव्हाच बदललेले, असेही असते. उलट, बिननावाच्या खोक्यात उत्तम सूर निघतात.

या वाद्याने दिवस कसे कसे पाहिले तेही ऐका. यात मींड निघत नाही, सूर ठरीव, भारतीय गाण्याला हे योग्य नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले. ती बंदी १९७१ साली अंशतः उठली. मधल्या तीस वर्षांत आपल्या सप्ताहात आणि भजनात पेटी वाजतच होती. त्याआधी संगीत नाटकांच्या भरभराटीच्या दिवसांत तिच्यावर गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस होऊन गेला. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांत ते होते. मोठ्यांनी नाकारले म्हणून वस्तूची किंमत जात नाही, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशात एका वस्तीवर डाळिंबाची बाग पाहायला गेलो होतो. तेल्या रोगाचा जोर होता. बाग पाहून चहाला ओसरीवर बसलो, तर कोपऱ्यात पेटी. तिच्यावर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या रचलेल्या. घरातल्या आक्कांचे मालक गावच्या भजनात पेटी वाजवत, ते जाऊन सात वर्षे झाली होती. नातीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फीचा पहिला हप्ता आठवड्यावर आला होता, आणि बागेने दगा दिला होता. पेटीचे गिऱ्हाईक ३,००० रुपये सांगून गेले होते, परवा नेणार होते.

"आक्का, उघडून बघू का?" मी विचारले.

"बघा की साहेब. ह्यांच्या माघारी कुणी हात लावला न्हाई."

भाता तीन कोपऱ्यांत फाटलेला. कापड कसरीने चाळणी केलेले. चार पट्ट्या खाली बसलेल्या. पण फळी उलटी केली तर सूर दोन्ही ओळींत एकूण एक जागेवर, आणि फळीवर पॅरिसच्या कासरियल कारखान्याचे नाव. कानशीचा ओरखडाही नव्हता. मी आक्कांना एवढेच म्हणालो की, परवाच्या माणसाला चार दिवस थांबायला सांगा. विका की ठेवा हे मी बोललो नाही. ते माझे काम नव्हे.

त्यांच्या मुलाने पेटी जिल्ह्याच्या गावी एका कारागिराकडे नेली. भाता, कापड, स्प्रिंगा, सुरांची झाडपूस, थोडेसे मिळवणे, सगळे मिळून ४,५०० रुपये झाले. कारागिराने पैसे विक्रीनंतर घ्यायचे कबूल केले. फीच्या हप्त्यासाठी कॉलेजकडून पंधरा दिवसांची मुदत मिळाली. तालुक्याच्या गावी गाणे शिकवणाऱ्या एका मास्तरांना चांगली पेटी हवी होती. ते वस्तीवर आले, चटईवर बसले आणि काळी दोनमध्ये बराच वेळ वाजवत राहिले. आक्का चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, पण भाकरी थापायचा आवाज तेवढा वेळ बंद होता. सौदा २६,००० ला झाला. आक्कांनी बाहेर येऊन पैसे दोनदा मोजून घेतले आणि मास्तरांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

नवऱ्याची आठवण विकायला नको होती, असे मला एक-दोघे म्हणाले. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरातली मुलगी शिकते आहे, त्यांना हे सांगणे सोपे नाही. माझी हळहळ ३,००० रुपयांसाठी आहे, विक्रीसाठी नाही.

जुन्या वाद्याची किंमत किती फिरते, याचे दुसरे एक उदाहरण माझ्या पुतण्याकडून कळले. तो पुण्यात विजेवर चालणारी वाद्ये दुरुस्त करतो. सिंथेसायझर हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यात पितळ नाही, भाता नाही. विजेच्या मंडलातच कंप तयार होतो, आणि बटणे फिरवून त्याचा आवाज घडवायचा. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाचे एक लहान यंत्र काढले. गिटार वाजवणाऱ्याला साथीचा माणूस मिळाला नाही तर खर्जाची साथ या यंत्राने करायची, अशी कल्पना. आवाज खऱ्या वाद्यासारखा येईना, लोकांनी ते घेतले नाही, आणि १९८४ पर्यंत ते बंदही झाले. उरलेली यंत्रे पडेल भावात गेली. अमेरिकेत शिकागोच्या गरीब पोरांनी ती जुन्या बाजारात उचलली आणि बटणे वाटेल तशी फिरवून नवेच नाचाचे संगीत काढले. आज त्याच यंत्राला लाखांचा भाव आहे. त्याहून गमतीची गोष्ट आपल्या मुंबईची. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्रावर, रोलंडच्याच आणखी दोन यंत्रांच्या साथीने, दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार चकित झाले, कारण शिकागोच्या पोरांच्या आधीच हा आवाज मुंबईत निघून गेला होता.

हे वाचून तुमच्या बँजो पार्टीच्या खोलीतला कॅसिओ लाखाचा आहे असे समजू नका. तसे बहुधा नसते. पण जुना सिंथेसायझर किंवा कीबोर्ड कुठे पडून असेल तर एक काम आजच करा. मागचे झाकण उघडून आतले सेल काढून टाका. पुतण्या सांगतो, त्याच्याकडे येणारी निम्मी यंत्रे वापराने बिघडलेली नसतात, विसरलेल्या सेलांनी बिघडलेली असतात. सेल गळतात, ते पाणी तांब्याच्या रेघा खाते, आणि मग यंत्राची दुरुस्ती त्याच्या किमतीबाहेर जाते. आतल्या साठवणीसाठी पाटीवरच डाखलेला बारीकसा सेल असतो, तो मात्र जाणत्याकडूनच बदला. शिवाय वीज जोडलेली असताना झाकण उघडू नका. काही यंत्रांत वीज काढल्यावरही धक्का बसण्याइतका साठा थोडा वेळ राहतो.

पेटी ठेवायची असेल तर ती बियाण्याइतकी जपा. जमिनीवर, शेणाने सारवलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या कागदात आवळून बांधली तर आतली दमट हवा आतच राहते, सुती कापड चांगले. कडुलिंबाचा वाळलेला पाला गुंडाळीत घाला, पेटीच्या पोटात घालू नका, त्याचा चुरा सुरांत जातो. कीटकनाशकाची पावडर तर घरातल्या कुठल्याच वस्तूवर टाकायची नसते. पेटी तोंडाजवळ घेऊन बसायची असते. आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी वाजवा. लहान पोराने नुसती पट्ट्यांवर बोटे फिरवली तरी चालेल, भाता हलला म्हणजे चामडे मऊ राहते.

दुरुस्तीला देताना किंवा विकताना एवढे करा. घरीच फळी उघडून सूर मोजा आणि आकडा वहीत लिहा. कारागिरासमोर तो आकडा मोठ्याने म्हणा. चांगला कारागीर रागावत नाही, उलट तोही मोजतो. जुने सूर बदलावे लागतील असे तो म्हणाला तर कोणते आणि का ते विचारा, आणि काढलेले सूर पुडीत बांधून परत मागा. ते तुमचे आहेत. मोबाईल आता घराघरांत आहे, त्यावर दोन्ही ओळींचे फोटो काढून ठेवा. फोटो अंगणात, सकाळच्या उन्हात काढा, म्हणजे पितळेवरचे शिक्के वाचता येतील.